पळसबोडीचा ओव्हरसिअर

मॅट्रिकच्या परीक्षेला पळसबोडीतून खेमराज एकटाच बसला होता आणि एकटाच पास झाला. त्यामुळे अठ्ठावन्न सालच्या त्या उन्हाळ्यात गावातल्या प्रत्येकाला त्याला काहीतरी सल्ला द्यायचा होता. पाटलाला वाटे, पोराने तलाठी व्हावं. त्याची माय मनकर्णाबाई म्हणे, मास्तर हो, म्हणजे केशोरीच्या शाळेत नोकरी लागेल आणि रात्रीला घरी जेवायला येशील. बाप सुकराम काहीच म्हणत नसे. तो कापगत्यांच्या घराण्यातला, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आलेल्या कोहळी जातीचा. बोलण्यापेक्षा माती हलवण्यात त्याची हयात गेली होती.

खेमराजला मार्ग दाखवणारे म्हणजे अर्जुनीच्या हायस्कुलातले यादोराव मास्तर. मास्तर स्वतः जबलपुरात शिकलेले. खेमराज आठवीत असल्यापासून ते सांगत आले होते, "तुला जबलपूरलाच पाठवतो." पण मधल्या काळात राज्यं बदलली. एका नोव्हेंबरात भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसला, आणि जबलपूर परमुलूख झालं. मास्तरांनी त्या दिवशी वर्गात खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरांनो, मी जिथं शिकलो ते गाव आता आपलं राहिलं नाही." मग त्यांनी नागपूरच्या कॉलेजांचे अर्ज मागवायला सुरुवात केली.

खेमराजने दोन अर्ज भरले. एक आर्ट्सचा. तिथे मार्कांवर जागा मिळत होती, बी. ए. करून पुढे वकिली करता आली असती. दुसरा ओव्हरसिअरीच्या कॉलेजचा. तिथे रस्ते, पूल, कालवे आणि धरणं बांधायला शिकवत, आणि घेण्याआधी मुलाखत होत असे. मास्तरांचा कल पहिल्याकडे होता. खेमराजचा जीव दुसऱ्यात अडकला होता.

त्याला कारणही तसंच होतं. पळसबोडीचा तलाव त्याच्या आज्याने बांधला होता. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, तरी गाव त्याला कापगत्यांचा तलावच म्हणे. पोरगा त्या तलावाच्या पाळीवरच, मातीच्या बांधावरच, लहानाचा मोठा झाला. पाणी सोडायचं तुडूम कुठे चोंदतं, पावसाळ्यात जास्तीचं पाणी सलंगावरून म्हणजे सांडव्यावरून किती उंच उडतं, धानाच्या कोणत्या बांधीला आधी पाणी द्यावं लागतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आज्याने हे मातीत केलं, आपण सिमेंटात करायचं, आणि एका गावासाठी नाही तर शंभर गावांसाठी करायचं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मृग लागून गेला होता. बांध्यांत धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकलेले होते. तरी सुकराम म्हणाला, "मी येतो संगं. नागपुरात पोरगं कोठं भटकन." मनकर्णाबाईने दशम्या बांधून दिल्या. छोट्या गाडीने गोंदिया, तिथून मोठ्या गाडीने नागपूर. सुकराम खिडकीशी बसून सगळ्या वाटेने एकच पाहत होता: कुठल्या गावाला तलाव आहे आणि कुठल्या गावाला नाही.

कॉलेजच्या व्हरांड्यात पोरांची ही गर्दी. बहुतेक पोरं पॅन्टीतली, हातात गुळगुळीत कागदांच्या फायली. खेमराजने पायजमा आणि मास्तरांनी दिलेला कोट घातला होता. कोट खांद्यात सैल होता. सुकराम भिंतीला टेकून उकिडवा बसला आणि म्हणाला, "जा. घाबरजो नोको. पुसन ते सांगजो."

आत तीन माणसं बसली होती. मधले प्राचार्य, चष्मा लावलेले, सौम्य बोलणारे. त्यांच्या एका बाजूला गणिताचे प्राध्यापक. दुसऱ्या बाजूला पाटबंधारे खात्याचे एक साहेब, उन्हाने रापलेले, खाकी शर्टातले. ते कॉलेजचे नव्हते. मुलं निवडायला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

"ओव्हरसिअर का व्हायचंय?" प्राचार्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे मास्तरांनी सांगून ठेवलं होतं, आणि उत्तरही पाठ करून घेतलं होतं. पण खेमराज ते उत्तर विसरला आणि मनातलं बोलत सुटला. आज्याचा तलाव, पाळ, तुडूम, सगळं सांगितलं. "आज्यानं लहान बांधला," तो म्हणाला, "मला मोठा बांधायचाय, साहेब. आमच्या गावच्या नदीवर."

खाकी शर्टातले साहेब हसले. त्यांना पोरगा आवडला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "गाव कोणतं तुझं?"

"पळसबोडी. केशोरीपासून दोन कोस."

"पळसबोडी?" ते पुढे झुकले. "नदीच्या वळणावरचं? अरे, मग तुझा मोठा तलाव आम्हीच बांधतोय. इतका मोठा, की तुझ्या आजोबांचा तलाव, गाव, सगळं त्याच्या पोटात जाईल."

खेमराजही हसला. साहेब थट्टा करताहेत असं त्याला वाटलं. मग त्याने पाहिलं की प्राचार्य हसत नाहीत. ते त्या साहेबांकडे बघत होते आणि त्यांची पेन्सिल टेबलावर थांबली होती.

"पोटात म्हणजे?" खेमराजने विचारलं.

"म्हणजे पाण्याखाली," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला. "तुम्हा लोकांना माहीत नाही?"

बाहेर कुठेतरी शिपाई पुढच्या मुलाचं नाव पुकारत होता. खेमराजला आपले कान बधिर झाल्यासारखे वाटले. त्याला ऐकू येत होतं, पण ते सगळं भिंतीपलीकडून आल्यासारखं. प्राचार्यांनी घाईघाईने विषय बदलला. गणिताच्या प्राध्यापकांनी बांधाच्या छेदाचं क्षेत्रफळ काढायला सांगितलं. त्याने फळ्यावर ते काढलं, आणि बरोबर काढलं. कसं काढलं ते त्याला पुढे कधीच आठवलं नाही. "छान," प्राध्यापक म्हणाले. प्राचार्यांनी दोघांकडे पाहिलं, दोघांनी माना डोलावल्या. "तुला घेतलंय," ते म्हणाले. "पंधरा तारखेपर्यंत येऊन दाखल हो."

तो बाहेर आला. सुकराम उठून उभा राहिला.

"का झालं गा? घेतलन का नाई?"

"घेतलन."

"मंग तोंड काऊन असं?"

"बाबा, आपलं गाव बुडनार आहे."

सुकराम क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "पाळ फुटली का? कोन सांगतलन? कालच तं पाहून आलो मी."

खेमराजने त्याला सगळं सांगितलं. सांगताना त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. आपण परक्या गावाची बातमी सांगतो आहोत असं वाटत होतं. सुकरामने ऐकून घेतलं, डोक्याचा फेटा सोडला, पुन्हा बांधला आणि दाराकडे चालू लागला. शिपायाने अडवलं. "ठीक आहे," सुकराम म्हणाला, "थांबतो मी." आणि तो थांबला. सगळी पोरं आत जाऊन आली, व्हरांडा रिकामा झाला, तोवर बापलेक तिथेच बसून राहिले. दशम्या सुटल्याच नाहीत.

साहेब बाहेर आले तेव्हा सुकराम त्यांच्या जीपजवळ जाऊन उभा राहिला.

"रामराम साहेब. मी त्या पोराचा बाप. पळसबोडीचा."

साहेबांनी टोपी काढली. "हे बघा, हे अजून जाहीर झालेलं नाही. मी बोलायला नको होतं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. आमची माणसं मागच्या हिवाळ्यात तुमच्याच शिवारात तंबू टाकून राहिली होती."

"ते तंबूवाले?" सुकराम चकित होऊन म्हणाला. "आमच्या घरून त्याहीले रोज दूध जाये. ते तं म्हनत होते, जंगल मोजून राहिलो."

साहेबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि जीपचं दार उघडलं.

"पाळ कोठं टाकता?" सुकरामने विचारलं.

"वळणाच्या खाली. दोन टेकड्या जवळ येतात ना, तिथं."

खेमराज बापाच्या तोंडाकडे पाहत होता. आता हा चिडेल, आता हात जोडेल, आता रडेल, असं त्याला वाटत होतं. सुकरामने डोळे बारीक केले. मनातल्या मनात तो त्या टेकड्यांच्या मधे जाऊन उभा राहिला असावा.

"होय," तो म्हणाला. "तेच जागा आहे. माह्या बापानंबी तेच म्हनलं होतं. पन त्याच्यानं होन्यासारखं नोहतं."

साहेब जीपमध्ये बसायचे थांबले. साहेबांच्या तोंडून ऐकलं तेव्हा बसला नव्हता इतका धक्का खेमराजला आता बसला. गाव बुडवायला निघालेल्या माणसाला बापाने, तुमची जागा बरोबर आहे, असं सांगितलं होतं.

परतीच्या गाडीत तो बापाशी बोलला नाही. गोंदियाला उतरून छोट्या गाडीत बसले, पहाट झाली, बाहेर धान रोवण्याच्या बांध्या दिसायला लागल्या, तेव्हा त्याच्याने राहवेना.

"तुमी त्याले हो काऊन म्हनलं?"

"खोटं कायले बोलू? पाळ तथीच बसते."

"आपलं घर जाईन! आज्याचा तलाव जाईन! तुमाले काईच वाटत नाई?"

सुकरामने मागच्या बाकाकडे वळून पाहिलं. डब्यात दुसरं कोणी जवळ नव्हतं.

"तू पोहतो तलावात," तो म्हणाला. "मधात पायाले उंचवटा लागते. तथी उभं राहून तुमी पोट्टे दम घेता."

"हो. मंग?"

"तो नुसता उंचवटा नोहे बापू. ते गोंड लोकाईचा टोला होता, लहान वस्ती. दहाबारा घरं होती. उंचवट्यावर देव होता त्याहीचा."

खेमराजला आधी शब्दच कळले नाहीत. मग कळले, आणि त्याचे तळपाय आपोआप बाकाखाली मागे ओढले गेले. किती उन्हाळे तो त्या उंचवट्यावर नाचला होता. पोरं एकमेकांना तिथून ढकलत. पायाला कधी गोल गुळगुळीत दगड लागत, तेव्हा त्यांना वाटे, कासवं आहेत.

"आज्यानं? आज्यानं बुडवलं?"

"तलाव बांधला," सुकराम म्हणाला. "गाव जगलं त्याच्यावर. तुही शाळा त्याच्यावर झाली. पन टोला गेला, हे बी खरं. माह्या बापानं मरताखेपी मले सांगतलं. मी तुले सांगनार नोहतो."

"ते लोकं कोठं गेले?"

"कोठं जातात? वर टेकडीवरच्या टोल्यावर आहेत. रुख्मा बुढी त्यातलीच होय."

रुख्मा बुढी! दर साली त्यांच्याच बांधीत रोवण्याला येणारी, कमरेत वाकलेली, मनकर्णाबाईच्या हातून आंबील घेणारी रुख्मा. खेमराजने खिडकीवर कपाळ टेकलं. अर्जुनीचं स्टेशन आलं तरी तो उठला नाही. बापाने हाताला धरून उतरवलं.

गावात बातमी सांगितली तेव्हा कोणी मानेना. पाटील म्हणाला, नागपूरवाल्यांनी पोराची गंमत केली. मग कोणाला तंबू आठवले, कोणाला त्या माणसांनी झाडांवर मारलेल्या पांढऱ्या खुणा आठवल्या, आणि पारावर बसलेली माणसं हळूहळू गप्प झाली. त्या खुणा सगळ्यांनी पाहिल्या होत्या. गुरं चारणाऱ्या पोरांनी त्यांच्यावर दगडांनी नेम धरले होते.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचं एकच सुरू झालं: खेमराजने वकील व्हावं. आर्ट्सची जागा मिळालीच होती. "शिक आणि सरकारवर केस ठोक," पाटील म्हणाला. यादोराव मास्तर अर्जुनीहून सायकलवर आले. ते नेहमी शांत बोलणारे, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "मी तुला मोजायला शिकवलं ते काय याच्यासाठी? तुझ्याच गावात जाऊन मोजणीची साखळी ओढशील? आर्ट्सला जा." खेमराज त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. मास्तर म्हणत होते ते त्याला पटत होतं.

तो वरच्या टोल्यावर गेला तो का गेला, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. रुख्मा अंगणात मोहफुलं निवडत होती. तिने त्याला ओळखलं, बसायला पाट दिला.

"बुढे माय," तो म्हणाला, "तलावात तुमचा टोला होता म्हनतात. खरं का?"

रुख्माचे हात थांबले. तिला हे कोणी कधी विचारलं नसावं, निदान कापगत्यांच्या घरातून तरी नाही.

"लहान होती मी," ती म्हणाली. "पाळ बांधायले आमचेच लोकं जात. माती वाहत. मायबी जाये. सांजेले धान भेटे."

"तुमचेच? मंग त्याहीले मालूम नोहतं?"

"पानी गावासाठी अडवून राहिले, येवढं मालूम होतं. पानी कोठवर येते, ते आमाले कोन सांगतलन? पयल्या पावसात पानी आंगनात आलं, तवा समजलं. मायनं जातं डोक्यावर घेतलं आन मले हाताले धरलं. बुढे लोकं देवापाशी बसून राहिले. त्याहीले ओढून आनलं."

खेमराज ऐकत होता. त्यांनी स्वतःच्या हातांनी ती पाळ बांधली होती.

"मालूम असतं तं का केलं असतं?" त्याने विचारलं.

रुख्माने त्याच्याकडे असं पाहिलं, की इतक्या शिकलेल्या पोराला एवढंही कळू नये. "देव आधी उचलला असता," ती म्हणाली. "चांगली जागा पाहिली असती. अथी गोट्यावर काय पिकते?" आणि ती पुन्हा मोहफुलं निवडू लागली.

टेकडी उतरताना त्याचं ठरलं. धरण होणार की नाही हे वकील झाल्यावर त्याच्या हातात येणार नव्हतं; तो वकील होईपर्यंत पाळ अर्धी उभी राहिली असती. पण पाणी कुठवर येईल हे मोजणाऱ्याला आधी कळतं. मुलाखतीच्या खोलीत तो गेला नसता, तर पळसबोडीलाही ते पाणी अंगणात आल्यावरच कळलं असतं.

घरी सांगितलं तेव्हा मनकर्णाबाई चुलीपुढे होती. तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"म्हनजे तूच आमाले बुडवशीन?"

"माय, मी नाई गेलो तरी—"

"बोलू नोको माह्यासंगं." ती उठली आणि बांधीवर निघून गेली. तो निघाला त्या सकाळीही ती अंगणात आली नाही. पाटलाने तोंड फिरवलं. यादोराव मास्तर स्टेशनवर आले होते, पण कॉलेजविषयी काही बोलले नाहीत. कोट परत नको, एवढंच म्हणाले. सुकरामने ट्रंक डब्यात चढवली. गाडी हलली तेव्हा तो म्हणाला, "नीट शिक. पाळ कच्ची राहिली तं खालचे गावं जातात."

नागपुरातले दिवस त्याला जड गेले. सुट्टीत गावी आला तर पारावरची माणसं बोलणं थांबवत. माय जेवायला वाढी, पण त्याच्याकडे पाहत नसे. साठ साली तो शेवटच्या वर्षाला होता, मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला होता, आणि त्या हिवाळ्यात कॉलेजने पोरांना कामाच्या ठिकाणी शिकायला पाठवलं. खेमराजने पळसबोडीच्या मोजणीचा तुकडा मागून घेतला. तेच खाकी शर्टातले साहेब तिथे होते. त्यांनी त्याला ओळखलं आणि नजर चुकवली.

पहिल्याच दिवशी खेमराजला दिसलं की नकाशावर वरचा टोला नाहीच. टोल्यावरच्या घरांना कसला कागद नव्हता, म्हणून कोणी तिकडे चढलंच नव्हतं. उंचीचे आकडे घेतले तेव्हा निघालं की टोल्याची खालची आळी पाण्यात जाते. लोक तेच. दुसऱ्यांदा. खेमराजने मोजणीच्या दुर्बिणीतून आकडे पुन्हा एकदा घेतले. मग त्याने साहेबांना वर नेलं, घरं दाखवली आणि नकाशावर काढायला लावली. साहेबांनी हरकत घेतली नाही. रुख्मा गेल्या साली वारली होती. तिचा मुलगा अंगणात आला आणि त्याने विचारलं, पाणी कुठवर? खेमराजने चालत जाऊन पळसाच्या एका झाडाला हात लावून दाखवलं. त्या माणसाने झाडाकडे पाहिलं, स्वतःच्या घराकडे पाहिलं, आणि तिथल्या तिथे खाली बसला.

त्या संध्याकाळी मनकर्णाबाई आपणहून खेमराजच्या तंबूपाशी आली. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्याशी सरळ बोलली.

"गावात पयले कोनाचं घर जाईन?"

त्याने सकाळीच मोजलं होतं. खोटं बोलावं असं एक क्षण वाटलं.

"आपलं," तो म्हणाला. "नदीकडून पयलं आपलंच आहे."

मनकर्णाबाईने पदर तोंडाला लावला. तिचे डोळे विस्फारले होते. हे उत्तर येईल असं तिच्या मनातही नव्हतं. गाव जाणार हे तिने मानलं होतं; सगळ्यात आधी आपलंच जाईल हे नव्हतं. तिने तंबूचा दोर धरला. खेमराज पुढे झाला, पण तिने हातानेच त्याला थांबवलं.

"कवा?"

"अजून काई साल आहेत, माय."

"मंग चाल," ती म्हणाली. "उद्या मले जागा दाखव. पानी येनार नाई अशी."